पदवी आणि बंदूक एकाच ओळीत

दुसऱ्याच्या भाग्याकडे निर्विकारपणे पाहता येणं ही सुसंस्कृत माणसाची खूण आहे, असं माझं पूर्वीपासूनचं मत आहे. हे मत बनलं तेव्हा मी दुसऱ्यांची पगारपत्रकं तपासत नव्हतो.

गेली बावीस वर्षं मी तेच करतो आहे. मानेसरला मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणारा एक कारखाना आहे, तिथे. कोणाला किती पगार निघाला, त्यातून भविष्यनिर्वाह निधी किती कापला, मालकाने स्वतःचा वाटा भरला का, ठेकेदाराने त्याच्या माणसांना किमान वेतनापेक्षा कमी तर दिलं नाही, हे पाहायचं आणि खाली सही करायची. बहुतेक लोक मत्सर अंदाजाने करतात. शेजाऱ्याची नवी गाडी पाहून किंवा मेहुण्याचा नोएडातला फ्लॅट पाहून त्यांना मनात एक आकडा धरावा लागतो, आणि तो चुकण्याची शक्यता असते. माझ्याकडे आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत असतो. त्यामुळे माझा मत्सरही अचूक आहे.

कारखान्यात शिरल्यावर टाइम ऑफिसच्या भिंतीवर किमान वेतनाचा तक्ता लावलेला असतो. तो लावणं कायद्याने बंधनकारक आहे, वाचणं नाही. महागाईप्रमाणे वर्षातून दोनदा दर बदलतात आणि जुन्या कागदावर नवा कागद चिकटवण्याचं काम माझ्याकडे आहे. आमच्या कंपनीचं ऑफिस दिल्लीत, गोदाम नोएडात आणि कारखाना हरयाणात, त्यामुळे तक्तेही तीन. फरशी पुसणाऱ्या तिघांची फडकी एकाच दुकानातून येतात, पण फरशी कोणत्या राज्यात आहे त्यावर पुसणाऱ्याचा दर ठरतो. हे मी नव्या लोकांना समजावून सांगतो तेव्हा ते माझ्याकडे असे बघतात, जणू हा नियम मीच केला आहे.

हरयाणाच्या तक्त्यात श्रेणी असतात. अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल. मग ऑफिसात बसणाऱ्यांसाठी वेगळ्या ओळी: मॅट्रिकपेक्षा कमी; मॅट्रिक, पण पदवीधर नाही; पदवीधर किंवा त्याहून अधिक. आणि त्यांच्या खाली सुरक्षारक्षक: शस्त्राविना, शस्त्रासह. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात ‘पदवीधर किंवा त्याहून अधिक’ आणि ‘सुरक्षारक्षक, शस्त्रासह’ या दोन ओळींपुढचा दर एकच होता. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी, राज्यशास्त्रात एम. ए., प्रथम श्रेणी, हातात डिंकाची बाटली धरून बराच वेळ भिंतीपुढे उभा राहिलो होतो.

माझा प्रत्यक्ष पगार त्या दरापेक्षा बराच जास्त होता, हे सांगायला हवं. पण आमच्याकडे एक मोठी यादी असते. कंपनीचे आणि ठेकेदाराचे सगळे लोक तिच्यात असतात, आणि प्रत्येकाच्या नावापुढे श्रेणीचा रकाना असतो. त्या रकान्यात मी आणि गेटवरचा हवालदार एका पातळीवर होतो.

हवालदार म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन ठेकेदाराकडे लागलेला आमचा सशस्त्र रक्षक. शेजारच्याच गावचा, माझ्याहून एका वर्षाने लहान, आणि दिसायला दहा वर्षांनी. त्याच्याकडे स्वतःच्या नावाची, स्वतःच्या परवान्याची दुनळी बंदूक होती. ती त्याने आमच्या गेटवर कधी झाडली नाही. झाडण्यासारखं काही झालंही नाही. बिजागऱ्या लुटायला कोण येणार? पण बंदूक होती म्हणून त्याला गेटवरच्या एकमेव सावलीत खुर्ची होती, ट्रकवाले त्याला ‘फौजी साहब’ म्हणत, आणि आमचे एच. आर. प्रमुख, जे माझ्या ‘गुड मॉर्निंग’ला मोबाइलमध्ये बघत मान हलवत, ते गाडीची काच खाली करून त्याच्याशी बोलत.

हे एवढंच असतं तर मी सहन केलं असतं. पण मला बाकीचंही माहीत होतं. त्याला फौजेची पेन्शन होती. कॅन्टीनचं कार्ड होतं, ज्यावर साबणापासून रमपर्यंत सगळं स्वस्त मिळतं. दवाखान्याचं कार्ड होतं. त्यावर ठेकेदाराचा ‘शस्त्रासह’ दराने पगार, आणि त्यातून निधीत दरमहा भर. उलट माझा हिशेब असा, की मालकाच्या वाट्यातला बराचसा भाग पेन्शन योजनेत जातो, पण पगाराच्या एका ठरावीक मर्यादेपुरताच, आणि ती मर्यादा ज्या काळात ठरली त्या काळातच राहिली आहे. निवृत्तीनंतर मला दरमहा किती मिळेल, हे मी एकदा सरकारी संकेतस्थळावर काढून पाहिलं. पडद्यावर आकडा आला. मला वाटलं, उरलेले अंक अजून लोड व्हायचे आहेत.

घरीही सुटका नव्हती. माझी बायको केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आहे आणि जुनी पेन्शन बंद होण्याच्या जेमतेम काही महिने आधी तिथे लागली. आम्ही आर. के. पुरमला राहतो ते तिच्याच क्वार्टरमध्ये.

“अहो, डीए वाढला,” ती बातम्या बघत म्हणे.

“अभिनंदन.”

“तोंड बघा. जसा काही तुमच्या खिशातून वाढलाय.”

“माझ्या करातूनच वाढलाय.”

“तुमच्या करात माझ्या पेन्शनचा चहासुद्धा होणार नाही. चलो, उठा, बस जाईल तुमची.”

मग मी धौला कुआँला जाऊन कंपनीची बस पकडे. एका पेन्शनपासून निघून दुसऱ्या पेन्शनच्या गेटवर उतरे.

अशातच निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली की परवाना असलेल्या खासगी बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. हवालदाराने पहिल्याच दिवशी जाऊन आपली जमा केली, आणि दुसऱ्या दिवशी तो गेटवर काठी घेऊन उभा राहिला.

मला बरं वाटलं. हे लिहायला चांगलं वाटत नाही, पण वाटलं खरं. बसमधून उतरताना मी त्या काठीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आता याला कोण विचारतं, असं माझ्या मनात आलं. झालं उलटंच. बंदूक असताना लोक त्याला नुसता सलाम करत. बंदूक गेल्यावर थांबून चौकशी करू लागले.

“फौजी साहब, बंदूक कैसी है?” ट्रकवाले विचारत.

“ठीक है. थाने में है.”

“कब आएगी?”

“नतीजों के बाद.”

माहेरी गेलेल्या बायकोबद्दल विचारावं तसं सगळं चाललं होतं. एच. आर. साहेबांनी तर गाडीतून उतरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझं त्या वर्षी मूतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला नव्हता.

त्याच दुपारी मी साहेबांना एक टिपण लिहिलं. कोणी मागितलं नव्हतं. विषय: शस्त्र उपलब्ध नसलेल्या काळात सशस्त्र रक्षकाच्या दराबाबत. मजकूर दहा ओळींचा, भाषा अतिशय निःपक्षपाती. तक्त्यात ‘शस्त्रासह’ असा शब्द आहे. सध्या शस्त्र नाही. तरी श्रेणीचा पुनर्विचार व्हावा. मी ते तीनदा वाचलं. त्यात मत्सराचा वासही येत नव्हता. सरकारी भाषेचा शोध याच कामासाठी लागला असावा.

आमच्या एच. आर. साहेबांना भाषणाची आवड आहे. कॅन्टीनच्या भिंतीवर त्यांनी ‘हम सब एक परिवार हैं’ असं लिहून घेतलंय, आणि या परिवारातल्या प्रत्येकाला आत येताना-जाताना अंगठा लावावा लागतो. त्यांना माझं टिपण फार आवडलं. इतकं, की त्यांनी ते वाढवलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले.

“एका गार्डचा प्रश्न नाहीये,” ते हिंदीत म्हणाले. “सवाल तत्त्वाचा आहे. या यादीत प्रत्येकापुढे एक श्रेणी लिहिली आहे. तिचा पुरावा कुठे आहे? महिनाअखेरपर्यंत सगळ्यांची पडताळणी होईल. मूळ कागद दाखवा. ज्याच्याकडे कागद नाही, तो एक पायरी खाली. मुझसे लेकर स्वीपर तक.” मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “आणि ही जबाबदारी, ज्यांनी हा मुद्दा काढला, त्यांचीच.”

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तीन दिवसांनी हवालदार माझ्या टेबलापाशी आला. बसा म्हटलं तरी बसला नाही. हातात एक प्लॅस्टिकची फाइल होती आणि तिच्यात त्याचं सगळं आयुष्य तारखेप्रमाणे लावलेलं होतं. फौजेचं सेवापुस्तक, पेन्शनचा आदेश, बंदुकीचा परवाना, प्रत्येक नूतनीकरणाची पावती, आणि सगळ्यांत वर ठाण्याची ताजी पावती, शिक्क्यासह.

“साहब, किसी ने ऊपर लिख के दिया है कि मेरे पास हथियार नहीं है.”

“हो, म्हणजे, हाँ, कुछ आया तो है,” मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. ते टिपण वरूनच माझ्याकडे परत आलं होतं.

“मी स्वतःहून जमा केली, पहिल्या दिवशी. घरात दडवून ठेवली असती तर ठीक होतं का?”

“दोन महिन्यांचाच प्रश्न आहे,” मी म्हणालो. आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं. “निकाल लागले की बंदूक परत येईल.”

“बंदूक येईल, साहब. रेट नाही येणार. ठेकेदाराने एकदा ‘शस्त्राविना’ लिहिलं की तो पुन्हा वर लिहील कशाला? त्याला काठीवाला कमी पैशात मिळतो. तो कंपनीला सांगेल की दोन महिने काठीने चाललं, तर पुढेही चालेल.” त्याने फाइल सरळ केली. “आणि पेन्शनचं म्हणाल, तर ती माझ्या घरात येतच नाही. मोठ्या भावाचं डायलिसिस आहे. माझ्या कार्डावर त्याला उपचार मिळत नाहीत. घर या पगारावर चालतं.”

हे ऐकून माझा मत्सर विरघळायला हवा होता. पुस्तकांतून तसं होतं. माझा विरघळला नाही. त्याच्या शेजारी शरम येऊन बसली, एवढंच, आणि दोघांनाही जागा पुरली. मी त्याचे कागद एकेक करून पाहत होतो आणि मनात एकच विचार होता: याच्या फाइलीत एकही कागद कमी नाही.

कारण माझ्या फाइलीत कमी होता. संध्याकाळी घरी येऊन मी पलंगाखालची सूटकेस काढली. बी. ए.ची गुणपत्रिका सापडली, एम. ए.ची सापडली. पदवीची प्रमाणपत्रं नव्हती.

“काय शोधताय?” बायकोने विचारलं.

“डिग्री.”

“ती कुठून असणार? तुम्ही पदवीदानाला गेलाच नाहीत ना. लग्न ठरलं तेव्हा किती कौतुकाने सांगितलं होतं, झगा घालून मिरवणं मला पटत नाही म्हणून.”

“तेव्हा तुला ते आवडलं होतं.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं की झग्याबरोबर कागदपण देतात.”

ती खरं बोलत होती. विदर्भातल्या आमच्या विद्यापीठात त्या काळी भाड्याचे काळे झगे, त्यावर रंगीत पट्टे, पुढे दंड धरून चालणारा शिपाई आणि मागे गंभीर चेहऱ्याची मिरवणूक असा थाट असे. मला ते हास्यास्पद वाटलं. अजूनही वाटतं. बी. ए.ला मी गेलो नाही, आणि एम. ए.पर्यंत तो तत्त्वाचा प्रश्न झाला होता. प्रमाणपत्र नंतर शुल्क भरून टपालानेही मागवता आलं असतं. पण नोकरीला गुणपत्रिका चालली, पुढे कोणी विचारलं नाही, आणि मी तीस वर्षं ही गोष्ट चारचौघांत अभिमानाने सांगत राहिलो.

“मागवून घ्या ना आता,” बायको म्हणाली.

“महिनाअखेरपर्यंत येणार नाही.”

“मग काय होईल? पगार कमी होईल?”

“नाही. एक पैसाही नाही.”

“मग एवढं काय, यार?”

तिच्यासारख्या बाईला काय सांगणार? तिच्या कार्यालयात तिचं सेवापुस्तक आहे, आणि त्यात तिच्या अंगावरच्या तिळाचीसुद्धा नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुसरं टिपण लिहायला घेतलं. पहिलं दहा ओळींचं होतं, हे तीन पानांचं झालं. त्यात मी असं मांडलं की ‘शस्त्रासह’ ही श्रेणी हातातल्या वस्तूची नसून पात्रतेची आहे. शस्त्र बाळगण्याचा अधिकार, त्याचं प्रशिक्षण आणि जबाबदारी ही रक्षकाच्या ठिकाणी कायम आहेत. वस्तू तेवढी शासनाच्या आदेशाने शासनाच्या ताब्यात आहे. आदेश पाळल्याबद्दल कोणाची श्रेणी घटवणं न्यायाला धरून नाही. एखादी पात्रता सिद्ध झाली असेल, तर तिचं भौतिक प्रतीक तूर्त हाताशी नसल्याने ती नष्ट होत नाही. हे शेवटचं वाक्य मी कोणासाठी लिहिलं होतं, ते वाचणाऱ्याला कळू नये एवढी काळजी घेतली होती. हवालदाराची बाजू इतक्या तळमळीने आजवर कोणीच मांडली नसेल.

महिनाअखेरच्या मीटिंगला साहेबांनी ठेकेदारालाही बोलावलं. तो सोन्याची अंगठी फिरवत बसला होता. साहेबांनी माझं टिपण मोठ्याने वाचलं, मधे मधे चष्मा काढून. वाचून झाल्यावर ठेकेदार म्हणाला, “सर, हथियार नहीं तो हथियार का रेट कैसा?”

“पावती आहे,” मी म्हणालो. “पोलिसांच्या शिक्क्याची. बंदूक याचीच आहे, चालू स्थितीत आहे, आणि ठाण्यात आहे, असं तिच्यावर लिहिलंय. तुम्ही त्याचा दर उतरवलात तर मी या महिन्याच्या तुमच्या बिलावर सही करणार नाही.”

माझ्या बावीस वर्षांत मी असं वाक्य बोललो नव्हतो. ठेकेदाराने अंगठी फिरवायची थांबवली. मलाही थोडं आश्चर्य वाटलं.

“बिल्कुल सही,” साहेब म्हणाले. “सरकारचा शिक्का आहे. हवालदार ‘शस्त्रासह’ राहील. और निवडणूक संपल्यावरही राहील, हे लिहून घ्या.” ठेकेदाराने लिहून घेतलं. “नेक्स्ट.”

यादीत पुढची भरायची राहिलेली ओळ माझी होती. मी दोन्ही गुणपत्रिका पुढे ठेवल्या. साहेबांनी त्या उलटसुलट पाहिल्या.

“ही मार्कशीट आहे. डिग्री?”

“सर, पात्रता सिद्ध झालेली आहे. प्रथम श्रेणी. भौतिक प्रतीक तेवढं—”

“ते मी वाचलं, फार छान लिहिलंय तुम्ही.” ते खरंच कौतुकाने बोलत होते. “पण हवालदाराकडे बंदूक कुठे आहे याची पावती आहे. तुमची डिग्री कुठे आहे, याची पावती आहे?”

“विद्यापीठात असेल.”

“असेल म्हणजे? जमा केली होती?”

“नाही, सर. घेतलीच नाही.”

“क्यों?”

बारा माणसं माझ्याकडे पाहत होती. झगे, पट्टे आणि दंडधारी शिपाई यांच्याबद्दलचं माझं मत सांगायची ही जागा नव्हती. “राहून गेलं,” मी म्हणालो.

“तत्त्व म्हणजे तत्त्व,” साहेब म्हणाले. “तुम्हीच काढलेला मुद्दा आहे. एक पायरी खाली. प्रमाणपत्र आलं की पुढच्या पडताळणीत बघू. दिल पे मत लेना.”

मी मनाला लावून घेतलं. घेण्यासारखं होतंच. बसकडे जाताना गेटवर हवालदार सावलीत काठी घेऊन बसला होता. निर्णय त्याला माझ्याआधी कळला होता; गेटवर सगळं आधी कळतं. तो उठून उभा राहिला आणि त्याने मला कडक सलाम ठोकला, पहिल्यांदाच.

“साहब, आपने बचा लिया.”

“अच्छा, ठीक है, ठीक है,” मी म्हणालो, आणि बसमध्ये जाऊन बसलो. सलामाने बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. पण धौला कुआँ येईपर्यंत माझ्या डोक्यात त्याची ती फाइलच होती, तारखेप्रमाणे लावलेली.

त्या महिन्याची यादी अजून टाइम ऑफिसच्या कपाटात आहे. तिच्यात हवालदारापुढे ‘शस्त्रासह’ आणि माझ्यापुढे ‘मॅट्रिक, पण पदवीधर नाही’ असं लिहिलेलं आहे. पानाच्या तळाशी, सर्व नोंदी मूळ कागदपत्रांवरून तपासून बरोबर आढळल्या, असा मजकूर असतो. त्याखाली सही माझी आहे.